यंत्र आले, पण जात मोडली नाही : जर्मनीचा धडा आणि नागपूरची गिरणी

विदर्भाच्या विकासाचा विषय निघाला की व्यासपीठावरून जर्मनीचे उदाहरण हमखास दिले जाते. महायुद्धात बेचिराख झालेला देश पुन्हा उभा राहिला तो तेथील लोकांच्या शिस्तीमुळे आणि कष्टाळूपणामुळे, असे सांगितले जाते. मग ओघानेच, आपल्याकडच्या लोकांना कष्ट नकोत, फक्त सवलती हव्यात, असा टोमणा येतो. टोमणा कोणाला उद्देशून आहे हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची ढोरे ओढली, वेठ केली, गिरणीत रात्रपाळ्या केल्या, बिड्या वळून लेकरे शिकवली, त्या समाजाला कष्टाचे धडे देणाऱ्यांनी जर्मनीचा इतिहास एकदा नीट वाचावा, असे आम्हांस वाटते.

कारण जर्मनीतील कारखानदारीचा पाया यंत्राने घातला नाही आणि शिस्तीनेही घातला नाही. यंत्र येण्याआधी तेथे कायदे बदलावे लागले. जन्मावरून माणसाचा धंदा ठरवणारी व्यवस्था आधी मोडावी लागली. आमच्या नागपुरात उलटे घडले. यंत्र १८७७ साली आले, पण जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था होती तेथेच राहिली. या एका फरकात आपल्या वस्त्यांच्या दीडशे वर्षांच्या दैन्याचे बरेचसे उत्तर आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरचा प्रशिया डोळ्यांसमोर आणा. जर्मन राज्यांतील हे सर्वात बलाढ्य राज्य. पण तेथील शेतकरी हा युंकर जमीनदाराचा भूदास होता. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे, लग्नही करता येत नसे. शहरांत कारागिरांचे बंदिस्त संघ होते, त्यांना गिल्ड म्हणत. गिल्डमध्ये प्रवेश नसलेल्या माणसाला सुतारकी, विणकाम, लोहारकाम स्वतंत्रपणे करता येत नसे. सरदाराने व्यापार करायचा नाही आणि व्यापाऱ्याने सरदारी जमीन घ्यायची नाही, असेही निर्बंध होते. वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की तेथे या व्यवस्थेला धर्मग्रंथाचा आणि विटाळाचा आधार नव्हता.

१४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. (हीच तारीख दीडशे वर्षांनी आमच्या नागपूरच्या भूमीवर वेगळ्या अर्थाने अमर झाली, हा निव्वळ योगायोग.) गुलामांच्या आणि भूदासांच्या जोरावर देश लढू शकत नाही, हे राज्यकर्त्यांना त्या पराभवाने शिकवले. ९ ऑक्टोबर १८०७ रोजी मंत्री श्टाइन यांच्या काळात हुकूम निघाला : सरदाराला कोणताही नागरी धंदा करता येईल, शहरी माणसाला आणि शेतकऱ्याला जमीन विकत घेता येईल, आणि १८१० च्या नोव्हेंबरपासून प्रशियात फक्त स्वतंत्र माणसे असतील. १८१० सालीच धंद्याच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला आणि गिल्डची मक्तेदारी संपली. हे वरून झालेले काम होते. त्यामागे प्रेम नव्हते, भीती होती. पण झाले. बर्लिनमधले किंवा ऱ्हूर खोऱ्यातले मोठे कारखाने उभे राहिले ते या कायद्यांच्या नंतर.

आम्ही येथे जर्मनीचे गोडवे गाण्यास बसलेलो नाही. भूदास सुटला, पण १८११ च्या कायद्याने त्याला आपल्या कसत्या जमिनीचा तिसरा किंवा निम्मा हिस्सा जमीनदाराला मोबदला म्हणून द्यावा लागला. लाखो लोक स्वतंत्र झाले आणि त्याच वेळी भूमिहीन झाले. तेच पुढे कारखान्यांचे मजूर. हातमागावर जगणाऱ्या सायलेशियाच्या विणकरांनी १८४४ च्या जून महिन्यात उपासमारीने बंड केले, तेव्हा त्यांच्यावर सैन्य घालण्यात आले. विदर्भातील महार समाजही जाडेभरडे कापड विणीत असे. गिरणीच्या कापडाने त्याचाही माग बंद पाडला. तेथील विणकराच्या भुकेवर साहित्य लिहिले गेले, आमच्या विणकराची भूक सरकारी जातवार पुस्तकांतील दोन ओळींत आटोपली.

धंद्याच्या स्वातंत्र्याबरोबर आणखी चार गोष्टी तेथे घडल्या. पहिली, बाजारपेठ. १ जानेवारी १८३४ रोजी १८ जर्मन राज्यांनी आपापसांतील जकाती उठवून एक जकातसंघ केला. दुसरी, रेल्वे. १८३५ साली न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ अशी पहिली गाडी धावली, आणि रुळांसाठी लागणाऱ्या लोखंडाने ऱ्हूरच्या कोळशाला व पोलादाला गिऱ्हाईक मिळवून दिले. तिसरी, शिक्षण. प्रशियात सक्तीच्या शाळेचा हुकूम १७६३ सालचा. कार्ल्सरूहची तंत्रशाळा १८२५ सालची. चौथी, भांडवल. १८७० च्या सुमारास निघालेल्या मोठ्या बँका कारखान्यांना दीर्घ मुदतीचे पैसे देत, आणि खेड्यांत रायफायझनच्या पतपेढ्या लहान माणसाला कर्ज देत. १८७१ साली जर्मन साम्राज्य एक झाले. १८७९ साली बिस्मार्कने परदेशी मालावर जकात बसवून देशी कारखान्यांना आणि त्याचबरोबर युंकर जमीनदारांच्या धान्यालाही संरक्षण दिले. १९१३ पर्यंत जर्मनीचे पोलाद ब्रिटनच्या दुपटीहून अधिक झाले.

आता आपल्या गावाकडे येऊ. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. ती आमच्या कारखान्यांसाठी आली नव्हती, वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेण्यासाठी आली होती. जमशेटजी टाटांनी हे गणित उलटे मांडले. कापूस येथे, कोळसा जवळच वरोऱ्याला, मग गिरणी मुंबईतच कशाला? १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. जर्मन साम्राज्य तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. म्हणजे काळाच्या दृष्टीने नागपूर फार मागे नव्हते.

मागे पडलो ते कशाने? १८८२ हे एकच साल पाहा. त्या वर्षी इंग्रज सरकारने मँचेस्टरच्या दडपणाखाली हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी कापडावरील जकात पूर्ण उठवली. तीन वर्षांपूर्वीच बिस्मार्कने नेमके उलटे केले होते. त्याच सुमारास फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोखंड आहे, असे त्यात म्हटले होते. लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा, म्हणजे विदर्भाचे ऱ्हूर खोरे! पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, आणि सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी अशा जाचक की टाटांनी नाद सोडला. कोळशाची उणीव निसर्गाची, अटी मात्र परक्या सत्तेच्या. आणि त्याच १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, की शेतकऱ्यांच्या व शूद्रातिशूद्रांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, उच्चवर्णीयांच्या कॉलेजांवर गरिबांच्या कराचा पैसा उधळू नका. सरकारने ऐकले नाही.

प्रशियाच्या राजाने १७६३ साली जे केले ते मागणाऱ्या जोतीरावांना आमच्या देशात वेड्यात काढले गेले. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकही १९१२ साली कायदेमंडळात पडले. १९११ च्या शिरगणतीत या देशात शंभरांत जेमतेम सहा माणसे साक्षर होती. अशा देशात गिरणी आली तरी तंत्रज्ञ कोठून येणार? वर १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो १९२५ पर्यंत चालला. स्वतःच्या देशातील मालावर परक्यांच्या सोयीसाठी कर लावणारे सरकार जर्मनीला लाभले नव्हते.

येथवरचे विवेचन कोणताही राष्ट्रवादी इतिहासकार मान्य करील. तो थांबतो तेथून आमचा प्रश्न सुरू होतो. सारा दोष इंग्रजांचा होता काय? मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालत नसे. साळखात्यात पगार जास्त. म्हणजे वाफेचे यंत्र इंग्लंडहून आणले, पण त्या यंत्रापुढे कोणी उभे राहायचे हे मनुस्मृती ठरवीत होती. हा नियम इंग्रजाने घातला नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांचीही अडचण झाली. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी सांगितले, की जात म्हणजे श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. प्रशियाने १८१० साली जी बेडी तोडली, ती आमच्या गिरणीच्या फाटकातून आत गेली.

तरीही गिरणीने आम्हाला काहीच दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. गावकीतून सुटलेल्या माणसाच्या हाती रोख पगार पडला. पाटलाच्या दारात जोहार घालण्याऐवजी भोंग्याच्या वेळेवर कामाला जाण्याची मोकळीक मिळाली. त्या पगारातून वर्गण्या निघाल्या, मुले शाळेत गेली. कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी मजुरांना संघटित केले आणि १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून येऊन ते कायदेमंडळात गेले. या कष्टकऱ्यांच्या बळावर नागपूरची चळवळ उभी राहिली. परंतु मजुरी मिळाली म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ केली. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, मालक भला होता. पण जर्मनीत १८८३ साली आजारविमा, १८८४ साली अपघातविमा आणि १८८९ साली वृद्धापकाळविमा यांचे कायदे झाले. बिस्मार्कने हे समाजवाद्यांना शह देण्यासाठी केले हे खरे. समाजवादी संघटनांवर त्याने १८७८ पासून बंदीच घातली होती. पण कायदा तो कायदाच. मालक बदलला तरी कायदा राहतो, भला मालक गेला की भलेपणाही जातो.

हा फरक कोणाला कळला असेल तर बाबासाहेबांना. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की शेतीवर साचलेल्या बेकार हातांना काम देणारे औद्योगिकीकरण हाच शेतीच्या दुखण्यावरचा खरा उपाय आहे. १९२१ साली त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला होता. तेथील शिक्षण पुरे होऊ शकले नाही, पण त्या देशाची भाषा व अर्थशास्त्र त्यांना परके नव्हते. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. १८ ते २० जुलै १९४२ ला आमच्या नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला, त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४३ साली प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास नेमले गेले, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कारखाने दुरुस्ती कायदा १९४६ सालचा. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणीही याच काळातील. आणि १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये त्यांनी मागणी केली, की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी. जर्मनीच्या भूदासाप्रमाणे आमचा माणूस सुटताना भूमिहीन राहू नये, हीच ती दृष्टी.

राज्याच्या मालकीने काय फरक पडतो, याचा पुरावा आमच्या अजब बंगल्यातून निघाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांचे पुत्र दोराबजी चांद्याचा नाद सोडत असल्याचे कळवण्यास नागपूरच्या सचिवालयात आले होते. वाट पाहता पाहता ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. तेच डल्ली-राजहराचे डोंगर. टाटांचा कारखाना अखेर जमशेदपूरला झाला. डल्ली-राजहराचे लोखंड स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्याला मिळाले. सरकारी म्हणून तेथे आरक्षण लागू झाले आणि आमच्या मुलांना त्या फाटकातून आत जाता आले. जेथे मालकी खासगी, तेथे संविधानाचे १६ वे कलम फाटकाबाहेर थांबते.

जर्मनीच्या इतिहासाचा शेवटचा धडा सर्वात कठोर आहे. तेथे कारखाने आले, शाळा आल्या, विमा आला, पण लोकशाही मागे राहिली. प्रशियात १९१८ पर्यंत कर भरण्याच्या ऐपतीप्रमाणे मताचे वजन ठरत असे. सत्ता युंकर आणि लष्कराच्या हाती राहिली, समाजाचे मन बदलले नाही. १८७१ पर्यंत ज्यूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले होते, ते १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी हिरावले आणि पुढे काय झाले ते जग जाणते. पोलाद काढणारा देश माणुसकी गमावू शकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक समता आणा, नाहीतर ही इमारत कोसळेल, असा इशारा दिला, त्यामागे हाच अनुभव आहे असे आम्ही समजतो.

कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य आम्हाला १९ व्या कलमाने २६ जानेवारी १९५० ला मिळाले. प्रशियानंतर १४० वर्षांनी. त्या स्वातंत्र्याची फळे चाखण्याआधीच गिरण्या आटोपल्या. एम्प्रेस मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली, आणि आज त्या जागी मॉल आहे. एका बंद कारखान्याच्या कामगारांची ग्रॅच्युइटीची प्रकरणे चालवताना आम्ही पाहिले, की वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या नावापुढे ‘बदली’ एवढाच शब्द. विचारले तर तो म्हणाला, साहेब चांगला होता, कायम करतो म्हणत होता. साहेबाच्या शब्दावर वीस वर्षे काढणाऱ्या त्या म्हाताऱ्याला रागवावे की रडावे, आम्हाला कळेना.

आज जुन्या चांद्याचे लोखंड पुन्हा निघत आहे. गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरातून खनिज जाते, कोनसरीला कारखाना उभा आहे. मिहान आहे, बुटीबोरी आहे. आमचा उद्योगांना विरोध नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाचा तो असूच शकत नाही. आमचे प्रश्न मात्र आहेत आणि ते प्रत्येक आमदाराला, प्रत्येक उद्योगमंत्र्याला विचारले गेले पाहिजेत. ज्या आदिवासीची जमीन आणि जंगल जाते, त्याच्या ग्रामसभेची संमती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे खरोखर घेतली काय? सवलतीच्या दराने जमीन, पाणी, वीज घेणाऱ्या खासगी कारखान्यात आरक्षण का नाही? किती कामगार कायम आणि किती ठेकेदाराचे? प्रत्येक ठेका कामगाराचा विमा आणि भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय? आमच्या मुलांना आयटीआयमध्ये चालू यंत्रे मिळतात की गंजलेली?

हे प्रश्न विचारायला आपल्या वस्तीतील विहारापासून सुरुवात करावी. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीतील किती मुले ठेक्यावर आहेत, कोणाचा विमा भरला जातो, कोणाकडे पगाराची पावती आहे, याची यादी करा. पावती नसेल तर आधी ती मागायला शिकवा. ती यादी घेऊन कामगार आयुक्तांच्या कचेरीत शंभर जण गेले, तर पुढच्या वेळी व्यासपीठावरून जर्मनीचे उदाहरण देणाऱ्याला आमच्या कष्टांविषयी बोलताना विचार करावा लागेल. जय भीम.